पावशेर

रात्री साडेअकराची वेळ निवडण्यामागे कारण होतं. त्या वेळी आमच्या खराडीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी भेटत नाही. अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल संपलेला असतो, फ्लॅटमेट हेडफोन लावून पडलेला असतो आणि खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी फक्त एक मांजर असतं. मी काळी पिशवी घेऊन उतरायचो. पिशवीत मेथीची जुडी असायची, म्हणजे एकेकाळी जुडी असलेला, हिरवट-काळं पाणी सुटलेला एक गोळा. सोबत मऊ पडलेली गिलकी, बोट लावलं की आत जाणारी दोन वांगी आणि काळीठिक्कर केळी.

वर आलो की साबणाने दोनदा हात धुवायचो. दुसऱ्या दिवशी आईचा फोन यायचा.

"मेथी कशी होती रे भाऊ?"

"मस्त होती," मी म्हणायचो. "एकदम ताजी."

हे जवळजवळ दीड वर्ष चाललं.

जळगावची भाजी पुण्याला कशाला यायला हवी, हा प्रश्न रास्त आहे. पुण्यात भाजी मिळत नाही असं नाही. दहा मिनिटांत दारात आणून देणारी तीन ॲप माझ्या फोनमध्ये आहेत. पण खानदेशातून पुण्यात नोकरीला आलेल्या कुणालाही विचारा, त्याला ट्रॅव्हल्सच्या डिकीचं महत्त्व माहीत असतं. रात्री नऊच्या सुमाराला जळगावात खोकं क्लीनरच्या हातात द्यायचं, वर मार्करने जाड अक्षरात मोबाइल नंबर लिहायचा, शे-दीडशे रुपये मोजायचे. पहाटे साडेपाचला गाडी खराडी बायपासला येते. डिकी उघडते आणि अंधारात उभी असलेली आम्ही दहा-बारा माणसं पुढे सरकतो. नाव कुणाचं कुणाला माहीत नाही, पण खोक्यावरून तालुका सांगता येतो. केळी असली की रावेर नाहीतर यावल. फिकट हिरवी, नारळाएवढी भरताची वांगी असली तर बामणोदकडचा असणार. उन्हाळ्यात सगळ्यांच्याच खोक्यांत वर वर्तमानपत्र आणि खाली बिबडे, पापड.

माझं खोकं दर सोमवारी पहाटे यायचं. घेतलं की मी तिथूनच आईला फोन करायचो. "मिळालं." ती म्हणायची, "बरं झालं. जा, झोप आता थोडा." मग मी घरी येऊन अख्खं खोकं फ्रिजमध्ये रिकामं करायचो आणि खरंच झोपायचो.

पार्सल सुरू झालं ते पप्पा गेल्यावर. फेब्रुवारी २०२३. ते शिक्षक होते, निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. सकाळी फिरायला गेले आणि पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटच्या अलीकडे बसले, ते उठलेच नाहीत. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. भाजीपुरतं सांगायचं तर आमच्याकडे बाजार त्यांच्याकडे होता. रविवारी सकाळी दोन नायलॉनच्या पिशव्या स्कूटरच्या हँडलला लावून ते जायचे आणि पिशव्या फुगवून आणायचे. माणसं चार, बाजार आठांचा. आई चिडायची, पप्पा म्हणायचे, "येणारा-जाणारा असतो." आणि खरंच असायचा. शाळेतले सहकारी, गावाकडचे काका, बहिणीच्या मैत्रिणी. आमच्याकडे भाजी नासल्याचं मला आठवत नाही. ती साठवायची वेळच यायची नाही.

बहिणीचं लग्न झालं, ती सुरतला. मी पुण्यात. पप्पा गेले. आणि दोन-तीन महिन्यांनी पार्सल यायला लागलं.

मी रोज स्वयंपाक करणारा माणूस नाही. अकराला ऑफिस, संध्याकाळी सहानंतर क्लायंटचे कॉल. मनात बेत खूप असतात: आज मेथीची भाजी, उद्या गिलक्याची. आज निघून जातो आणि रात्री मी बिर्याणी मागवतो. आईला "नको पाठवू" म्हणून एकदा सांगून पाहिलं. ती फोनवर थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बरं." त्या "बरं" नंतर दोन सोमवार खोकं आलं नाही आणि तिचे फोनही कमी झाले. तिसऱ्या रविवारी मीच म्हणालो, "अगं, इथली मेथी एकदम पाणचट आहे." त्या सोमवारी खोकं आलं, नेहमीपेक्षा मोठं.

गोष्टीला वळण लागलं ते केळ्यांमुळे. मे २०२४ मध्ये काकांनी बागेतली दोन फण्या हिरवी केळी पार्सलात घातली होती. यावल तालुक्यात आमचं गाव, तिथे काका केळी करतात. मी नेहमीप्रमाणे सगळं फ्रिजमध्ये टाकलं. चौथ्या दिवशी केळी बाहेरून काळी आणि आतून तशीच कच्ची, कडक. काकांना फोन केला, की माल खराब निघाला. काका आधी हसले, मग म्हणाले, "फ्रिजात ठेवली? अरे, तू इंजिनिअर ना?"

हा प्रश्न मला लागला. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाने केळं फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे कोकणातल्या माणसाने नारळ सोलता येत नाही म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडे लहान पोरालाही कांदेबाग आणि मृगबाग यांतला फरक माहीत असतो. इथून केळ्यांच्या आख्ख्या रेल्वेगाड्या भरून उत्तरेला जातात. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला गेली. समुद्र ओलांडून केळं दुबईत नीट पोचतं आणि माझ्या फ्लॅटमध्ये चार दिवसांत मरतं, यात दोष केळ्याचा नक्कीच नव्हता.

तेव्हा मी वाचायला बसलो. बग दिसला की मूळ कारण शोधायचं, एवढं तरी नोकरीने शिकवलंय.

माझी समजूत अशी होती की फ्रिज म्हणजे पॉजचं बटण. आत टाकलं की वेळ थांबला. प्रत्यक्षात तोडलेली भाजी थांबलेली नसतेच. ती श्वास घेत असते. प्राणवायू घेते, साठवलेली साखर जाळते, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकते. झाडाकडून येणारा पुरवठा बंद झालेला असतो, म्हणजे ती शिलकीवर जगत असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. जळगावच्या मे महिन्यातल्या ४४ अंशांत मेथी एका दुपारीत का माना टाकते आणि चार अंशांत आठवडा का काढते, हे त्यावरून कळतं. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवली की तिने सोडलेलं पाणी तिच्याच अंगावर जमतं आणि मग सडणं सुरू होतं. माझ्या काळ्या पिशवीतला तो गोळा असा तयार होत होता.

सगळ्यांनाच चार अंश मानवत नाहीत, हे दुसरं. केळं उष्ण प्रदेशातलं. त्याला १३-१४ अंशांच्या खाली थंडी बाधते, सालीतल्या पेशी फुटतात, साल काळी पडते आणि पिकण्याची यंत्रणाच बिघडते. वांगं, काकडी, गवार यांनाही दहा अंशांखाली फार दिवस सोसत नाही. वांग्याला खड्डे पडतात, आतलं बी तपकिरी होतं. टोमॅटो कच्चा असताना फ्रिजमध्ये गेला तर पुढे लाल झाला तरी चव येत नाही. बटाट्याच्या पिठाची थंडीत साखर होते. म्हणजे मी ज्यांना वाचवायला म्हणून आत ढकलत होतो, त्यातल्या निम्म्यांना मीच मारत होतो.

तिसरी भानगड इथिलीनची. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबॉव्ह नावाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की त्याच्या प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतायत. बाहेरच्या हवेत नेले की सरळ. शोध घेतल्यावर दिव्यांच्या गॅसमधला इथिलीन सापडला. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेनने दाखवलं, की पिकणारी फळं हा वायू स्वतःच तयार करतात. आमच्याकडच्या जुन्या वखारींत धूर कोंडून केळी पिकवायचे, त्या धुरातही हाच वायू. आता रायपनिंग चेंबरमध्ये तो मोजून सोडतात. १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, कार्बाइडला मात्र बंदी. एक पिकलेलं केळं शेजारच्या दहांना पिकवतं, आणि शेजारी मेथी असली तर तिला पिवळं पाडतं. माझ्या फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये केळी, पेरू आणि पालेभाजी एकत्र नांदत होती. रूममेट निवडताना मी जास्त काळजी घेतली होती.

हे वाचता वाचता मला धुळ्याची मोठमाय आठवली.

मोठमाय म्हणजे आईची आई. पांझरेच्या पलीकडे देवपुरात तिचं घर. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही महिनाभर तिथे. माझ्या लहानपणी म्हणजे २००५ ते २०१० च्या आसपास लोडशेडिंग असं होतं, की दुपारी वीज असणं ही बातमी असायची. मामाने हौसेने फ्रिज घेतला होता. दिवसातले कितीतरी तास तो नुसता बंद कपाटासारखा उभा असायचा, वर क्रोशाचं कव्हर. मोठमाय त्याला 'पेटी' म्हणायची आणि त्यात पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही ठेवू द्यायची नाही. मी एकदा कोथिंबीर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून त्या पेटीत ठेवली, तर तिने ती बाहेर काढली, पिशवी फाडली आणि म्हणाली, "तोडी तरी ती जित्ती ऱ्हास. तिले दम लेऊ दे."

तोडली तरी ती जिवंत असते, तिला श्वास घेऊ दे. मी तेव्हा हसलो होतो. अहिराणी बोलणारी म्हातारी भाजीला जिवंत म्हणते, याचं मला शाळेतल्या पोराला वाटावं तसं हसू आलं होतं. वीस वर्षांनी तेच वाक्य मी एका पीडीएफमध्ये तीन आलेखांसकट वाचत होतो.

तिची पद्धत साधी होती. ओट्याच्या कोपऱ्यात तिवईवर माठ, त्याखाली पसरट घमेल्यात वाळू. माठ पाझरायचा, वाळू कायम ओली असायची. पालेभाजी मुळांसकट आणली जायची. मुळांची माती झटकून, न धुता, जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यात सैल गुंडाळून त्या वाळूवर. कोथिंबीर पितळी तांब्यात बोटभर पाण्यात, फुलांसारखी. मिरच्यांचे देठ काढून पाटीत पसरलेल्या. लसणाच्या गड्ड्या दाराच्या वर खिळ्याला. कांदे माळ्यावर मोकळे, बटाटे पलंगाखाली अंधारात, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. आणि जे कशानेही टिकणार नाही ते गच्चीवर उन्हात. गवार, मेथी, कैरी, सगळ्याचं वाळवण. धुळ्याचं ऊन फुकट होतं आणि ते कधी लोडशेडिंगमध्ये जात नसे.

ती वाळू म्हणजे बाष्पीभवनाने गार होणारा फ्रिजच होता. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं ते जोरात उडतं, म्हणून धुळ्याच्या मे महिन्यात ते घमेलं उत्तम चालायचं. हेच तत्त्व वापरून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात विटांच्या दोन भिंती आणि मधे ओली वाळू असा विजेशिवायचा शीतकक्ष तयार झाला. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा या कुंभार घराण्यातल्या शिक्षकाने १९९० च्या दशकात मडक्यात मडकं आणि मधे ओली वाळू अशी जोडी बनवली; त्यात वांगी तीन दिवसांऐवजी २७ दिवस टिकली अशी नोंद आहे. वांगी! हे वाचल्यावर मला राहवेना. मी येरवड्याच्या रस्त्याकडेच्या कुंभाराकडून दोन मडकी आणली, बाल्कनीत वाळू भरली, ओलं फडकं झाकलं. फक्त तेव्हा जुलै होता. पुण्याच्या जुलैत हवेतच इतकं पाणी, की मडक्यातलं पाणी जाणार कुठे? पाचव्या दिवशी वांग्यांवर राखाडी लव आली आणि फ्लॅटमेटने विचारलं, "हे काही धार्मिक आहे का?"

मग मी जमिनीवर आलो. खरं तर एक्सेलवर आलो. आलेली वस्तू, तारीख, कुठे ठेवली, खाल्ली, टाकली. शेवटचा रकाना लाल. जे हातात आलं ते असं: पालेभाजी न धुता, पिवळी पानं आणि रबरबँड काढून, जाड सुती फडक्यात गुंडाळायची आणि खालच्या ड्रॉवरमध्ये. धुवायची ती करायच्या वेळी. कोथिंबीर डब्यात, खाली-वर कागद, कागद ओला झाला की बदलायचा. ही पंधरा दिवसही निघते. मिरच्या देठ काढून काचेच्या बरणीत. लिंबं हवाबंद डब्यात, नाहीतर फ्रिज त्यांचं लाकूड करतो. केळी, टोमॅटो, कांदे, बटाटे बाहेर, आणि केळी एकटी, सगळ्यांपासून लांब, खिडकीच्या गजाला दोरीने टांगलेली. वांगी दोन-तीन दिवसांतच खायची, त्यांना कुठेही ठेवून उपयोग नाही. आणि नवीन आलेलं मागे, जुनं पुढे. हे शेवटचं तर आम्ही कॉलेजात क्यू म्हणून पहिल्याच वर्षी शिकलो होतो. माझा फ्रिज मात्र कायम स्टॅक होता. वरचं उचललं जायचं, तळाशी मेथी सडायची.

ऑक्टोबरपर्यंत लाल रकाना निम्म्यावर आला. मी दोन-तीन भाज्या बऱ्या करायला लागलो. साहजिकच, मला वाटलं आता हे आईला शिकवावं.

नोव्हेंबरात, भरताचे दिवस सुरू झाल्यावर, एका शुक्रवारी मी न सांगता जळगावला गेलो. बॅगेत सहा सुती पिशव्या होत्या, ऑनलाइन मागवलेल्या, प्रत्येकीवर भाजीचं चित्र. आई सकाळी सहाला दार उघडून माझ्याकडे बघत राहिली. मग चहा, मग आंघोळ. ती देवाजवळ बसली असताना मी फ्रिज उघडला.

फ्रिज गच्च भरलेला होता.

मेथीच्या तीन जुड्या, फडक्यात गुंडाळलेल्या. पोकळा. अर्धा किलोच्या वर गवार. कोथिंबीर डब्यात, खाली-वर कागद. मिरच्यांचे देठ काढलेले. केळी फ्रिजमध्ये नव्हती, स्वयंपाकघराच्या खिडकीत दोरीने टांगलेली होती. ओट्याखाली वाळूचं घमेलं, त्यावर ओलं फडकं, त्यात वांगी. मला जे तिला शिकवायचं होतं ते सगळं तिथे होतं, माझ्यापेक्षा सफाईने. आणि फडकी उलगडली तर दोन जुड्या पिवळ्या, एक काळी. गवारीला बुरशी. खालच्या ड्रॉवरमध्ये ओळखू न येणारं काहीतरी.

मी ते हातात घेऊन उभा असताना ती आली.

"हे कधीचं?"

"गेल्या रविवारचं."

"आणि हे?"

तिने बघितलं. "त्याच्या आधीच्या."

"तू जेवत नाहीस का?"

"जेवते ना. वरण-भात टाकते. कधी खिचडी." ती माझ्या हातातली जुडी घेऊन सुपात ठेवायला लागली. "एकटीसाठी भाजी किती करायची ते समजत नाही रे. हात मोठा पडतो. मग तीच तीन दिवस खायची. मग नकोसं होतं."

"मग एवढी आणतेस कशाला?"

"मी कुठे आणते? मावशी देते."

मावशी म्हणजे भाजीवाली. पप्पा वीस वर्षं तिच्याकडूनच घ्यायचे. पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा आई बाजारात गेली तेव्हा मावशीने तिला बघितलं, डोळ्यांना पदर लावला आणि काही न विचारता पिशवी भरली. तीन जुड्या मेथी, अर्धा किलो गवार, किलोभर वांगी. "सरांचं माप मला पाठ आहे ताई," म्हणाली. पुढच्या रविवारीही तसंच. आई दर वेळी ठरवून जायची, की आज पावशेर म्हणायचं. आणि मावशीने तराजू उचलला की तोंडातून शब्द निघायचा नाही.

"तिला काय सांगू? पावशेर दे म्हटलं की झालंच ना मग," आई म्हणाली. काय झालं, ते तिने सांगितलं नाही.

निम्मं माझ्याकडे यायचं, थोडं शेजारी जायचं, उरलेलं असं. ती दर बुधवारी पहाटे, उजाडायच्या आत, गल्लीच्या टोकाला जाऊन गाईला टाकून यायची. गाय खाईल असं असलं तर. नसलं तर कचऱ्याच्या गाडीत, खाली, वरून वर्तमानपत्र घालून.

मला माझी लिफ्ट आठवली.

मी तिला सांगितलं. काळी पिशवी, साडेअकरा, सगळं. एक्सेलचंही सांगितलं, कारण तेवढंच माझ्या बाजूने बोलणारं होतं. ती ऐकत ऐकत मेथीची बरी पानं वेगळी करत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मागच्या श्रावणात मी पोकळा पाठवला होता. चुकून तुला विचारलं, मेथी कशी होती. तू म्हणालास, मस्त, एकदम ताजी."

मला हसू आलं आणि त्याच वेळी घशाशी काहीतरी अडकलं. "मग पाठवत का राहिलीस?"

"सोमवारी पहाटे तू उठतोस ना. 'मिळालं' म्हणून फोन करतोस." तिने पिवळी पानं सुपाच्या एका कडेला सारली. "सोमवारी नंतर दिवसभर तुला वेळ नसतो."

त्या दिवशी दुपारी आम्ही घमेल्यातली जुनी वांगी काढून टाकली आणि काकांनी गावाहून पाठवलेली ताजी घेतली. गॅसवर भाजली. काका असते तर त्यांनी नाक मुरडलं असतं. भरताची वांगी पऱ्हाटीवर नाहीतर तुरकाठ्यांवर भाजायची, त्या धुराशिवाय भरीत नाही. बडगीही माळ्यावर होती, ती मी काढली, धुतली, आणि वांगी त्यात ठेचली. कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे. अंदाज पुन्हा चुकला आणि सहा जणांचं भरीत झालं. शेजारी दोन डबे गेले. उरलेलं रात्री आम्ही दोघांनी कळण्याच्या भाकरीशी संपवलं, आणि आईने दुसरी भाकरी घेतली.

रविवारी तिच्याबरोबर बाजारात गेलो. मावशी मला बघून म्हणाली, "आले का साहेब!" आणि पिशवी मागितली. आई माझ्याकडे बघत होती. मीच बोलणार होतो, तोंड उघडलंही होतं, पण आई म्हणाली, "मावशी, मेथी एकच जुडी. गवार पावशेर."

मावशीचा हात तराजूवर थांबला.

"एवढंच?"

"एवढंच. मी एकटीच खाते."

मावशीने पावशेराचं वजन शोधलं. ते खालच्या फडक्यात कुठेतरी होतं. गवार मोजली, वर मूठभर जास्त घातली. मग कोथिंबिरीची काडी. मग दोन लिंबं. आई "नको, नको" म्हणत राहिली. पैसे देऊन आम्ही चार पावलं आलो आणि मी मागे बघितलं, तर मावशी ते वजन पदराने पुसत होती.

पार्सल बंद झालेलं नाही. आता ते पंधरा दिवसांनी येतं, चपलेच्या खोक्याएवढं. भाजी थोडीच, कधी नुसते बिबडे आणि मिरचीचा ठेचा. पण मधल्या सोमवारीही मी पहाटे साडेपाचचा गजर ठेवतो आणि फोन करतो. पहिल्या दोनदा काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नाही. परवा तिने विचारलं,

"मेथी कशी निघाली?"

"निम्मी पिवळी पडली. रविवारी करायची राहून गेली."

"फडकं ओलं ठेवलं असशील. नुसतं दमट पाहिजे. पिवळी पानं काढ, बाकीची आजच करून टाक. लसूण आहे का घरात?"

"आहे."

"किती?"

मी उठून बघायला गेलो.